एचआयव्हीचा पहिला रिपोर्ट ‘रिॲक्टिव्ह’ आला म्हणजे काय? लग्नाआधीच्या सक्तीच्या चाचणीच्या निमित्ताने

जुलै २०२५ मध्ये मेघालयाच्या आरोग्यमंत्री अम्परीन लिंगडोह यांनी सांगितले, की लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करणारा कायदा आणण्याचा राज्य सरकार विचार करत आहे. त्या वेळी गोव्याचाही दाखला दिला गेला. गोव्यात असा प्रस्ताव २००६ मध्ये पुढे आला होता आणि २०१९ मध्ये आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी तो पुन्हा मांडला. कल्पना नवी नाही. दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या राज्यात ती डोके वर काढते, चार दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो.

अशी बातमी वाचली की आपल्यापैकी बहुतेकांना वाटते, ‘बरोबरच आहे की. पत्रिका बघतो, पगार बघतो, मग रक्ताचा रिपोर्ट बघितला तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. मुलीच्या आईवडिलांच्या मनात तर तो येणारच. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे चाचणीचा कागद हातात आला की खरे काय ते कळले. डॉक्टर म्हणून मला नेमके तिथेच थांबवावेसे वाटते. एचआयव्हीची पहिली चाचणी फार चांगली आहे, पण ती निदान करण्यासाठी बनवलेलीच नाही. आणि ज्यांना संसर्ग असण्याची शक्यता मुळातच कमी आहे, अशा लाखो लोकांची ती सरसकट केली, तर ‘रिॲक्टिव्ह’ आलेल्या रिपोर्टांपैकी बरेचसे खोटे निघतात.

तुम्ही लग्नाच्या गडबडीत नसाल, पण हा रिपोर्ट तुमच्या घरी दुसऱ्या वाटेनेही येऊ शकतो. गरोदरपणातल्या तपासण्या, हर्नियाच्या किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे रक्त, रक्तदान शिबिरानंतर आलेला फोन, विमा कंपनीची तपासणी, ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज अशा अनेक ठिकाणी ही चाचणी होते, आणि पुष्कळदा आपल्याला न सांगताच होते. त्यामुळे हे प्रकरण नीट समजून घेतलेले बरे.

‘रिॲक्टिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे दोन वेगळे शब्द आहेत

पहिली चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणू शरीरात शिरल्यावर त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, म्हणजे अँटिबॉडी, त्यांचा ती शोध घेते. आजकाल मोठ्या लॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचण्या प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ नावाचे प्रथिनही शोधतात. रक्तातले काहीतरी किटवरच्या पदार्थाला चिकटले की किट ‘प्रतिक्रिया’ दाखवते. ‘रिॲक्टिव्ह’ याचा अर्थ तेवढाच आहे. चिकटलेली वस्तू एचआयव्हीचीच प्रतिपिंडे होती की त्यांच्यासारखी दिसणारी दुसरी कुठली, हे ही चाचणी एकटी सांगू शकत नाही.

मग अशी चाचणी बनवलीच कशाला? एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मंजूर झाली, तेव्हा तिचे काम होते रक्तपेढीतले रक्त गाळून घेणे. एकही दूषित पिशवी रुग्णापर्यंत पोहोचता कामा नये, मग दहा चांगल्या पिशव्या फेकाव्या लागल्या तरी चालेल, असा त्यामागचा हिशेब होता. रक्ताच्या पिशवीच्या बाबतीत हा हिशेब अगदी योग्य आहे, कारण फेकलेल्या पिशवीला सासर-माहेर नसते. माणसाच्या बाबतीत तोच निकाल अंतिम मानला, तर जीव घोटणारा गोंधळ होतो. आजही पहिली चाचणी मुद्दाम जास्त संवेदनशील ठेवलेली असते. तिची जाळी बारीक असते. त्यामुळे मासा सुटत नाही, पण पालापाचोळाही अडकतो.

म्हणून जबाबदार लॅब पहिल्या चाचणीनंतर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे लिहीत नाही. ‘रिॲक्टिव्ह, पुढील चाचणीने खात्री करावी’ असे लिहिते. दुर्दैवाने ही ओळ रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि वरचा शब्द ठळक.

‘डॉक्टर, पण चाचणी ९९ टक्के अचूक असते ना?’

असते, आणि तरीही रिपोर्ट खोटा असण्याची शक्यता खरा असण्यापेक्षा जास्त असू शकते. हे ऐकायला विचित्र वाटते, म्हणून थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल घेतली तर उत्तम.

समजा, एक किट असे आहे की संसर्ग नसलेल्या १००० लोकांपैकी ९९५ जणांना ते बरोबर ‘नाही’ म्हणते आणि ५ जणांच्या बाबतीत चुकते. हे चांगले किट झाले. संसर्ग असलेला माणूस ते जवळजवळ कधीच सोडत नाही, असेही धरू. आता १ लाख लोकांची चाचणी करा. भारतात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे १ लाखात २०० जण. किट या २०० जणांना पकडेल. उरलेल्या ९९,८०० जणांना संसर्ग नाही, पण हजारी ५ या हिशेबाने त्यातल्या ४९९ जणांचा रिपोर्टही ‘रिॲक्टिव्ह’ येईल. एकूण रिॲक्टिव्ह ६९९, त्यातले खरे २००. म्हणजे पहिल्या चाचणीत रिॲक्टिव्ह आलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ७१ जणांना एचआयव्ही नाहीच.

आता तेच किट घेऊन मिझोरामला जा. तिथे २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार प्रौढांमधले प्रमाण २.७ टक्के आहे. १ लाखात २७०० खरे, आणि खोटे ४८६. इथे १०० रिॲक्टिव्हपैकी ८५ खरे निघतील. किट बदलले नाही, तंत्रज्ञ बदलला नाही, फक्त रांगेत उभी असलेली माणसे बदलली. रिपोर्टवर विश्वास किती ठेवायचा, हे किटच्या अचूकतेइतकेच रांगेत कोण उभे आहे यावर ठरते. वैद्यकीय शिक्षणात हे शिकवतात, पण गर्दीच्या ओपीडीत विसरले जाते, हे मान्य करायला हवे.

आता हाच हिशेब लग्नाळू मुलामुलींना लावून बघा. पहिल्यांदा लग्न करणाऱ्या तरुण वयोगटात संसर्गाचे प्रमाण सर्व प्रौढांच्या सरासरीपेक्षा साधारणपणे कमीच असते. याचा एक प्रयोग जगाने करूनही बघितला आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी १९८८ पासून लग्नाच्या परवान्यासाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पहिल्या ६ महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांची तपासणी झाली, आणि खात्रीच्या चाचण्यांनंतर संसर्ग निघाला ८ जणांना. एका व्यक्तीचे निदान करायला सुमारे ३ लाख १२ हजार डॉलर खर्च आला. याच काळात इलिनॉयमधले लग्नाचे परवाने २२.५ टक्क्यांनी घटले, कारण लोक शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करू लागले. १९८९ मध्ये तो कायदा मागे घेण्यात आला.

७० हजारांत ८ म्हणजे लाखात ११. वरच्या आपल्या किटने अशा १ लाख लोकांची एकच चाचणी केली असती, तर ११ खऱ्यांबरोबर ५०० खोटे रिॲक्टिव्ह आले असते. इलिनॉयमध्ये निदान खात्रीची चाचणी होत होती. आपल्याकडे लग्न पंधरा दिवसांवर आलेले असताना गावातल्या लॅबचा एक कागद दोन्ही घरांत फिरला, तर पुढच्या दोन चाचण्यांची वाट कोण बघणार? ठरलेले लग्न मोडेल. दोन आठवड्यांनी ‘निगेटिव्ह’ असा अंतिम रिपोर्ट आला तरी गावात तो वाचणारा कोणी नसेल.

प्रतिक्रिया खोटी का येते?

कारणे दोन प्रकारची आहेत. काही रक्तातली, काही माणसांच्या हातची.

रक्तातली कारणे बहुतेकदा निरुपद्रवी असतात. शरीरात एखाद्या वेळी प्रतिपिंडांची गर्दी झालेली असते आणि त्यातले एखादे किटवरच्या पदार्थाला चुकून चिकटते. गरोदरपण, विशेषतः आधी काही बाळंतपणे झालेली असणे, नुकतीच घेतलेली फ्लूची किंवा अन्य लस, नुकताच होऊन गेलेला विषाणूजन्य ताप, मलेरिया, ल्युपससारखे स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचे आजार, वारंवार रक्त चढवावे लागणे, या सगळ्यांत अशी प्रतिक्रिया आल्याची नोंद आहे. कोविडच्या संसर्गानंतरही काही जणांत चौथ्या पिढीची चाचणी खोटी रिॲक्टिव्ह आलेली आहे. पुष्कळदा मात्र कोणतेच कारण सापडत नाही, आणि ते शोधत बसण्याची गरजही नसते.

हे किती सहज घडू शकते, याचे एक गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाने कोविडवर एक लस बनवली होती. विषाणूच्या प्रथिनाचा आकार घट्ट धरून ठेवण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्यात एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा छोटासा तुकडा चिमट्यासारखा वापरला. त्या तुकड्याने एचआयव्ही होणे शक्यच नव्हते. पण लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या शरीरात त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांच्या एचआयव्ही चाचण्या खोट्या रिॲक्टिव्ह येऊ लागल्या. लस सुरक्षित होती आणि कोविडविरुद्ध चांगली प्रतिक्रियाही निर्माण करत होती. तरीही डिसेंबर २०२० मध्ये ती थांबवावी लागली. लाखो निरोगी लोकांच्या हातात खोटे रिॲक्टिव्ह रिपोर्ट पडले तर काय होईल, हे त्या देशाने आधीच ओळखले. लग्नाआधीच्या सक्तीची चर्चा करताना हा प्रसंग मला नेहमी आठवतो.

माणसांच्या हातची कारणे अगदी साधी असतात. नळीवर चुकीचे नाव लागते. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पाकिटात जातो. झटपट चाचणीचे कार्ड ठरलेल्या मिनिटांत वाचायचे असते, ते तासाभराने वाचले की धूसर रेघ उमटलेली दिसते. किट उन्हाळ्यात फ्रीजबाहेर राहते. म्हणूनच खात्री करताना त्याच नळीतले रक्त पुन्हा तपासण्यावर न थांबता नव्याने रक्त काढून तपासणे महत्त्वाचे असते.

लहान बाळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आईला एचआयव्ही असेल तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि सुमारे १८ महिन्यांपर्यंत त्याच्या रक्तात राहू शकतात. अशा बाळाची साधी अँटिबॉडी चाचणी रिॲक्टिव्ह येते, ती किटची चूक नसते. पण बाळाला संसर्ग आहे असा तिचा अर्थ होत नाही. त्यासाठी सहाव्या आठवड्यापासून विषाणूचा थेट शोध घेणारी पीसीआर चाचणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. आजी-आजोबांनी ‘बाळालाही आहे’ असे ठरवून टाकण्याआधी या चाचणीची वाट बघावी.

तीन चाचण्या कशासाठी?

सरकारी केंद्रात, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, पहिली चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली तर काम तिथेच संपते. रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगवेगळ्या किटवर चाचण्या होतात. ही किटे मुद्दाम वेगळ्या पद्धतीची निवडलेली असतात. एका किटला फसवणारे प्रतिपिंड सहसा दुसऱ्याला फसवत नाही. वरच्या हिशेबातले ४९९ खोटे रिॲक्टिव्ह दुसऱ्या किटवर गेले की त्यातले साधारण दोन-तीनच उरतात, आणि तिसऱ्यावर तेही बहुधा गळतात. खरे २०० मात्र तिन्ही वेळा रिॲक्टिव्हच येतात. तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्या, तरच ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द लिहिला जातो.

पहिली रिॲक्टिव्ह आणि उरलेल्या दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह असतील तर निकाल निगेटिव्ह धरतात. तीनपैकी दोन रिॲक्टिव्ह असतील तर निकाल ‘अनिश्चित’ लिहितात आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त मागवतात. हा काळ फार जड जातो, याची आम्हाला कल्पना आहे. पण थांबण्यामागे कारण आहे. संसर्ग खरोखर अगदी नवा असेल तर या काळात प्रतिपिंडे वाढतात आणि चित्र स्पष्ट होते. नसेल तर चित्र तसेच राहते किंवा पुसले जाते.

जागतिक आरोग्य संघटना पूर्वी जास्त प्रमाण असलेल्या देशांना दोन चाचण्यांवर निदान करायला मुभा देत असे. २०१९ च्या अखेरीस तिने सगळ्याच देशांनी तीन चाचण्यांकडे वळावे असे सांगितले. कारण मोठे मजेशीर आहे, आणि चांगलेही. उपचार वाढले, बहुतेक बाधितांचे निदान आधीच झाले. त्यामुळे नव्याने तपासायला येणाऱ्यांमध्ये संसर्ग असलेल्यांचे प्रमाण कमी होत गेले, आणि प्रमाण कमी झाले की खोट्यांचा वाटा वाढतो. साथ आटोक्यात येऊ लागली म्हणून चाचणी अधिक सावधपणे वाचायची वेळ आली.

खासगी लॅबच्या रिपोर्टवर कधी कधी निकालाशेजारी एक आकडा असतो. १ पेक्षा कमी म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, १ किंवा जास्त म्हणजे रिॲक्टिव्ह. आकडा १.३ किंवा २ असा काठावरचा असेल तर तो खोटा असण्याची शक्यता बरीच जास्त. खऱ्या, जुन्या संसर्गात तो सहसा याच्या कितीतरी पट असतो. तरीही नुसत्या आकड्यावरून स्वतःच निदान करू नका, कारण नवीन संसर्गातही सुरुवातीला आकडा लहान असू शकतो. आणि घाबरून स्वतःहून महागडी ‘व्हायरल लोड’ चाचणी करायला धावू नका. ती मुख्यतः उपचार किती लागू पडतात हे बघण्यासाठी आहे. तिच्यातही अगदी कमी आकडा कधी कधी खोटा येतो, आणि मग गोंधळ दुप्पट होतो. ती केव्हा करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या.

रिपोर्ट हातात आल्यावरचे पहिले दोन दिवस

खरे नुकसान याच दोन दिवसांत होते. २०१९ मध्ये हिमाचल प्रदेशातून एक बातमी आली होती. एका तरुण विवाहितेला खासगी दवाखान्यात एचआयव्ही असल्याचे सांगितले गेले. ती आधीच गंभीर आजारी होती. मोठ्या रुग्णालयात चाचणी निगेटिव्ह आली, पण तोवर ती बेशुद्धावस्थेत गेली होती आणि पुढे तिचा मृत्यू झाला. नातेवाइकांनी रिपोर्टच्या धक्क्याला दोष दिला आणि चौकशीचे आदेश निघाले. धक्क्याचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे बाहेरून सांगता येणार नाही. पण तो रिपोर्ट तिला त्या पद्धतीने, खात्री न करता, कळायलाच नको होता, एवढे नक्की.

म्हणून माझी पहिली विनंती रुग्णापेक्षा नातेवाइकांना आहे. ऑपरेशन थिएटरबाहेर कोणी येऊन ‘तुमच्या पेशंटचा एचआयव्ही रिॲक्टिव्ह आलाय’ असे म्हणाले, तर लगेच फोन फिरवू नका. दिराला नाही, मामांना नाही, विहिणीलाही नाही. सुनेचा गरोदरपणातला रिपोर्ट असा आला तर तिला माहेरी पाठवण्याची भाषा करू नका. उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर महिलेची बोटातून रक्त घेऊन होते ती फक्त प्राथमिक चाचणी असते. ती रिॲक्टिव्ह आली की खात्रीसाठी आयसीटीसीकडे पाठवतात. ‘पाठवले’ म्हणजे ‘निघाले’ असे नव्हे. रक्तपेढीकडून फोन आला तरी तेच. तिथेही एका चाचणीवर पिशवी बाजूला काढतात आणि दात्याला खात्रीसाठी आयसीटीसीत जायला सांगतात.

आयसीटीसी जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत असते. चाचणी मोफत होते. आपल्याच तालुक्यात ओळखीचे लोक भेटतील याची भीती वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रात जा, कोणी अडवत नाही. जवळचे केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते. जाताना पहिला रिपोर्ट बरोबर न्या आणि समुपदेशकाला अलीकडचा ताप, लस, गरोदरपण, सुरू असलेली औषधे हे सगळे सांगा. गेल्या तीन महिन्यांत असुरक्षित संबंध, वापरलेली सुई, असे काही घडले असेल तर तेही सांगा. जोडीदारासमोर बोलता येणार नसेल तर एकट्याने बोलायची खोली मागा. तो तुमचा हक्क आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे, हे फार कमी लोकांना माहीत असते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रक्तपेढीतल्या रक्ताची तपासणी, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले, तर तुम्हाला समजावून, संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही. नोकरी देण्यासाठी किंवा उपचार करण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. आणि तुमचा निकाल तुमच्या लेखी संमतीविना इतरांना सांगता येत नाही. जोडीदाराच्या सुरक्षेसाठी डॉक्टर किंवा समुपदेशकाला काही अटींवर मोकळीक आहे, पण तीही निदान पक्के झाल्यावरची गोष्ट. काही रुग्णालयांत केसपेपरवर लाल शाईने मोठी खूण करायची किंवा पलंगाला चिठ्ठी लावायची पद्धत अजून दिसते. ती बेकायदा आहे, आणि पहिल्या चाचणीवर अशी खूण करणे तर अडाणीपणाचे आहे.

लग्नाआधी सरसकट सक्ती करणारा कोणताही राज्य कायदा या केंद्रीय कायद्यातल्या संमतीच्या तत्त्वाशी झगडणारच, असे माझे मत आहे.

पण खरा असेल तर?

आतापर्यंतचे वाचून काहींना वाटेल, की आपला रिपोर्टही खोटाच असणार, कशाला पुन्हा तपासा. कृपा करून असे करू नका. वरचा सगळा हिशेब ज्यांना काही विशेष धोका नाही अशा लोकांचा आहे. जोडीदार बाधित असेल, अनेकांशी किंवा अनोळखी व्यक्तीशी असुरक्षित संबंध आला असेल, सुईने नशा केली असेल, क्षयरोग किंवा गुप्तरोग झाला असेल, तर तुम्ही जास्त धोक्याच्या रांगेत आहात. तुमचा पहिला रिॲक्टिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता मोठी आहे. दोघांनाही करायचे मात्र तेच, म्हणजे तीन चाचण्या आणि त्याही लगेच. तोपर्यंत निरोध वापरा आणि रक्तदान करू नका.

आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरी काय? भारतात २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, प्रतिकारशक्ती कितीही असो, मोफत औषधे सुरू केली जातात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. लग्न होते, मुले होतात, आणि तीही संसर्गाविना.

निगेटिव्ह रिपोर्टलाही मर्यादा आहे, आणि लग्नाच्या संदर्भात ती फार महत्त्वाची. संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला विंडो पिरियड म्हणतात. शिरेतून घेतलेल्या रक्तावर लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवते, बोटातल्या रक्ताच्या साध्या अँटिबॉडी कार्डाला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणजे मागच्या आठवड्यात काय घडले ते आजच्या निगेटिव्ह रिपोर्टला माहीत नसते, आणि लग्नानंतर काय घडेल हे तर कुठल्याच रिपोर्टला नाही. सक्तीचा कागद दोन्ही घरांना एक खोटा दिलासा देतो, तोही विचारात घ्या.

लग्नाआधी दोघांनी आपखुशीने तपासून घ्यायचे ठरवले तर त्यात काहीच वावगे नाही, मी त्याला प्रोत्साहनच देतो. मात्र ते तारीख ठरायच्या आधी, निवांतपणे करा. मुलगा आणि मुलगी दोघांनीही करा, फक्त मुलीला पाठवू नका. रिपोर्ट मध्यस्थाच्या किंवा काकांच्या व्हॉट्सॲपवर मागवू नका. आयसीटीसीत ज्याचा निकाल त्यालाच सांगतात, पुढे काय आणि कोणाला सांगायचे ते त्या दोघांनी ठरवावे.

शेवटचे एक व्यवहाराचे. खात्रीनंतर तुमचा अंतिम निकाल निगेटिव्ह आला, तर तो लेखी मागून घ्या आणि ज्या रुग्णालयात पहिली चाचणी झाली तिथल्या केसपेपरवर त्याची नोंद करून घ्या. पहिला रिपोर्ट रागाने फाडून टाकू नका. ज्या किटने एकदा फसवले ते पुढच्या बाळंतपणात किंवा पुढच्या ऑपरेशनला पुन्हा तशीच प्रतिक्रिया दाखवू शकते. दोन्ही कागद एकाच फाइलला लावून ठेवा, आणि रक्त काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा.